पाच वर्षांचे स्वातंत्र्य आणि त्यानंतरची पोकळी

संगणकाच्या साहाय्याने जीवसृष्टीविषयी पूर्वानुमान करणारे विज्ञान भारतात रुजायचे असेल, तर तरुण संशोधकांना स्वतंत्र फेलोशिप देणे ही केवळ सुरुवात ठरते. वेळेवर पैसा, खुली विदा आणि मुदतीनंतरची जागा यांची शाश्वती नसेल, तर हे स्वातंत्र्य कागदावरच राहते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना जाहीर झाले. त्यांपैकी डेव्हिड बेकर यांनी निसर्गात नसलेली नवी प्रथिने संगणकावर रचून ती प्रत्यक्षात आणून दाखवली होती. डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांनी ‘अल्फाफोल्ड’ ही प्रणाली घडवून, अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाची त्रिमितीय रचना वर्तवण्याचा, पाच दशके रेंगाळलेला प्रश्न बव्हंशी सोडवला होता. जम्पर यांचे वय त्या वेळी ३९ होते. रसायनशास्त्राचे नोबेल इतक्या कमी वयात मिळण्याची घटना त्याआधी सत्तरहून अधिक वर्षे घडली नव्हती. त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली ती २०१७ मध्ये. म्हणजे संशोधक म्हणून स्वतंत्र आयुष्य सुरू झाल्यापासून सात वर्षांत ते या टप्प्यावर पोहोचले.

अशा प्रसंगी आपल्याकडे एक ठरलेला प्रश्न विचारला जातो: हे भारतात का घडत नाही? त्याचे उत्तरही ठरलेले असते, आणि ते पैशाचे असते. ते खोटे नाही. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के रक्कम आपण संशोधन आणि विकासावर खर्च करतो. चीनमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांच्या वर गेले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. तरीही ज्या क्षेत्राबद्दल आपण बोलत आहोत, त्या क्षेत्रात केवळ पैशाच्या अभावाचे उत्तर अपुरे पडते. कारण या नोबेलकथेचा एक महत्त्वाचा अध्याय भारतातच लिहिला गेला आहे, आणि तोही आजच्यापेक्षा कितीतरी गरीब असलेल्या भारतात.

मद्रासमध्ये घडलेली गोष्ट

मद्रास विद्यापीठाला १९५२ मध्ये भौतिकशास्त्राचा विभाग उभारायचा होता. कुलगुरू ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी त्यासाठी सी. व्ही. रामन यांच्याकडे विचारणा केली, तेव्हा रामन यांनी आपले शिष्य जी. एन. रामचंद्रन यांचे नाव सुचवले. रामचंद्रन त्या वेळी तिशीच्या उंबरठ्यावर होते. विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक आणि विभागप्रमुख नेमले. त्यांची नेमणूक कोणत्या प्रथिनाचा शोध लावण्यासाठी झालेली नव्हती. त्यांचा आधीचा अभ्यास स्फटिकांच्या भौतिकशास्त्राचा होता. त्वचा, हाडे आणि कंडरा यांत आढळणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाच्या रचनेचा प्रश्न त्यांनी तिथे आल्यानंतर हाती घेतला. मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून त्यांना कांगारूच्या शेपटीतील कंडरेपासून मिळवलेले कोलॅजेन मिळाले, आणि १९५४ मध्ये गोपीनाथ कर्ता यांच्यासह त्यांनी कोलॅजेनची तिपेडी रचना जगासमोर मांडली.

त्या रचनेवर आक्षेप घेतले गेले. रेणूतील काही अणू परस्परांच्या वाजवीपेक्षा जवळ आले आहेत, असे टीकाकारांचे म्हणणे होते. मग दोन अणू एकमेकांच्या नेमके किती जवळ येऊ शकतात, हाच प्रश्न रामचंद्रन यांनी मुळापासून तपासायला घेतला. प्रथिनाची साखळी प्रत्येक दुव्यापाशी दोन बिजागऱ्यांवर फिरते, अशी कल्पना करावी. या दोन बिजागऱ्यांचे कोन कागदावर कितीही घेता येतील. पण बहुतेक जोड्यांत अणूंवर अणू आदळतात, म्हणून निसर्गात त्या जोड्या संभवत नाहीत. कोणत्या जोड्या शक्य आणि कोणत्या अशक्य, याचा नकाशा रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून काढला आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. हा ‘रामचंद्रन आलेख’ आज जीवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत असतो. जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेने प्रथिनाची नवी रचना निश्चित केली, की ती विश्वासार्ह आहे की नाही हे पाहण्याच्या कसोट्यांत हा आलेख असतोच.

प्रयोगाआधीच, केवळ भूमिती आणि गणिताच्या बळावर, निसर्ग काय करू शकणार नाही हे सांगणारे हे काम पूर्वानुमानी जीवशास्त्राच्या पायाभरणीपैकी एक होते. त्यासाठी मोठे यंत्र लागले नाही. लागली ती एका तरुण माणसावर टाकलेल्या विश्वासाची किंमत: त्याला पद दिले, विद्यार्थी दिले, प्रश्न निवडण्याची मुभा दिली आणि तो निकाल देईपर्यंत वाट पाहिली. या चार गोष्टी एकत्र देणाऱ्या व्यवस्थेला आजच्या भाषेत स्वतंत्र संशोधन फेलोशिप म्हणतात.

विभागांच्या कुंपणापलीकडे

पीएच.डी. झालेल्या संशोधकासमोर साधारणपणे दोन वाटा असतात. एक, कुणा ज्येष्ठ प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत त्याच्या प्रकल्पावर काम करायचे. दोन, थेट प्राध्यापकपद मिळवायचे आणि अध्यापन, परीक्षा, समित्या यांच्या धबडग्यात संशोधनाला वेळ शोधायचा. स्वतंत्र फेलोशिप ही या दोहोंच्या मधली वाट आहे. वेतन आणि संशोधन निधी संशोधकाच्या स्वतःच्या नावाने मंजूर होतो. यजमान संस्था त्याला जागा व सोयी देते. तो आपला प्रश्न आणि आपला छोटा गट स्वतः निवडतो.

संगणकीय जीवशास्त्राला ही वाट विशेष मानवते, याचे कारण या विषयाच्या स्वभावात आहे. तो गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र, संख्याशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या सीमारेषेवर वाढतो, आणि सीमारेषेवरचे मूल कोणाच्याच घरचे नसते. गणिताच्या विभागाला ते पुरेसे गणिती वाटत नाही आणि जीवशास्त्राच्या विभागाला त्याने कधी परीक्षानळी हाती धरली नाही याची खंत असते. अमेरिकेतल्या एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एरिक लँडर यांची पीएच.डी. गणितातली, आणि नोकरी हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेत अर्थशास्त्र शिकवण्याची. एरवी कोणत्या जीवशास्त्र विभागाने अशा माणसाला दारात उभे केले असते? मॅसॅच्युसेट्समधल्या व्हाइटहेड संस्थेने १९८४ मध्ये तरुणांसाठी स्वतंत्र फेलोशिप सुरू केली होती. १९८६ मध्ये लँडर त्या फेलोशिपवर तिथे आले. पुढे मानवी जनुकसंच प्रकल्पाच्या प्रमुख सूत्रधारांपैकी ते एक झाले.

अल्फाफोल्ड एका बलाढ्य कंपनीच्या आश्रयाने घडले, ही वस्तुस्थिती इथे आड येते असे वाटेल. कंपनीकडे असलेली संगणकीय शक्ती कोणत्याही एकट्या संशोधकाच्या आवाक्याबाहेरची असते, मग फेलोशिपचा उपयोग काय? परंतु अल्फाफोल्डला शिकवण्यासाठी जी सामग्री वापरली गेली, त्या सुमारे १ लाख ७० हजार प्रथिनरचना जगभरच्या सार्वजनिक प्रयोगशाळांनी कित्येक दशके खपून शोधल्या होत्या आणि १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रोटीन डेटा बँके’त सर्वांसाठी खुल्या ठेवल्या होत्या. पूर्वानुमानांची निष्पक्ष परीक्षा घेणारी स्पर्धाही १९९४ पासून वैज्ञानिकांनीच चालवली होती. अल्फाफोल्डने वर्तवलेल्या रचनांचा खुला साठा २०२२ मध्ये २० कोटींच्या पुढे गेला. आता ती रचना भारतातल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातही पाहता येते. त्यामुळे खरा प्रश्न उरतो तो असा, की या साधनाने कोणते प्रश्न विचारायचे, आणि ते विचारणारी माणसे आपल्याकडे आहेत का?

आपले प्रश्न इतर कोण विचारणार?

दोन उदाहरणे घेऊ. पहिले खेड्यातले आहे. सर्पदंशाने भारतात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिला. यांतील पुष्कळसे मृत्यू घोणस या एकाच जातीच्या सापामुळे होतात. घोणशीचे विष मात्र देशभर सारखे नसते; प्रदेशागणिक त्याची घडण बदलते, आणि म्हणून एका भागातील सापांच्या विषावर बनवलेली लस दुसऱ्या भागातल्या रुग्णाला तितकीशी लागू पडत नाही. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींच्या विषाचे नमुने अभ्यासून, स्थानिक तापमान व पर्जन्यमान यांवरून विषाच्या गुणधर्मांचे पूर्वानुमान काही अंशी करता येते, असे २०२५ मध्ये दाखवून दिले. कोणत्या तालुक्यातील रुग्णाला कोणत्या प्रकारचा उपचार लागेल याचा नकाशा बनवण्याच्या दिशेने टाकलेले हे पाऊल आहे. हा प्रश्न सिलिकॉन व्हॅलीतील कंपनीला पडणार नाही. तिथल्या गुंतवणूकदाराला घोणस चावत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या रक्तातले आहे. हृदयाच्या स्नायूंतील एका प्रथिनाशी संबंधित ‘एमवायबीपीसी-३’ या जनुकात २५ अक्षरांचा एक तुकडा गळालेला आढळतो. दक्षिण आशियातील सुमारे चार टक्के लोकांत हा दोष असून हृदयस्नायूंच्या विकाराशी त्याचा संबंध आहे, हे २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या संशोधनातून पुढे आले. जगाच्या इतर भागांत हा दोष जवळपास आढळत नाही. म्हणजे केवळ युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती वापरून हृदयविकाराचा धोका वर्तवणारे प्रारूप घडवले, तर त्याला ही गोष्ट दिसणारच नाही. अडचण अशी, की रोग आणि जनुके यांचा संबंध शोधणाऱ्या जागतिक अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचेच आहेत. त्यांच्या माहितीवर घडलेली भाकिते उद्या आपल्या रुग्णालयांत सॉफ्टवेअरच्या रूपाने विकत येतील. ती आपल्या माणसाला लागू पडतात की नाही हे तपासणारे कुणी इथे नसेल, तर चुकीची किंमत रुग्ण मोजेल आणि चूक झाली हेही कोणाला कळणार नाही.

योजना आहेत, त्यांची घडी बसलेली नाही

भारतात अशा संशोधकांसाठी काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उलट या क्षेत्राची जाण आपल्याला लवकर आली होती. जैवतंत्रज्ञान विभागाने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातच जैवमाहितीशास्त्र केंद्रांचे देशव्यापी जाळे विणायला घेतले. पुणे विद्यापीठातील केंद्र त्याच काळातले. आज विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर फॅकल्टी’, परदेशातून परतणाऱ्यांसाठी ‘रामानुजन’ आणि जैवतंत्रज्ञान विभागाची ‘रामलिंगस्वामी’ या फेलोशिप आहेत. ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या भागीदारीतून २००८ मध्ये उभी राहिलेली ‘इंडिया अलायन्स’ ही त्यांतली सर्वांत सुविहित म्हणावी लागेल. तिने वयाची अट न ठेवता पीएच.डी.नंतरचा अनुभव पाहिला, आणि अर्जदाराकडे यजमान संस्थेत कायम नोकरी असण्याचा आग्रह धरला नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने १ ऑक्टोबर २०२५ रोजी या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. १,५०० कोटी रुपयांपैकी १,००० कोटी जैवतंत्रज्ञान विभाग आणि ५०० कोटी वेलकम ट्रस्ट देणार आहे.

ही यादी आश्वासक वाटते. ती बारकाईने पाहिली की तिच्यातली पहिली उणीव दिसते. रामानुजन आणि रामलिंगस्वामी या दोन्ही फेलोशिप परदेशातून परत येणाऱ्यांसाठी आहेत. बाहेर गेलेल्यांनी परतावे ही इच्छा योग्यच आहे. मात्र ज्याने देशातच राहून उत्तम काम केले, त्याच्यासाठी दारे कमी आणि परदेशवारी केलेल्यासाठी जास्त, असा संदेश त्यातून जातो. कौटुंबिक जबाबदारीमुळे परदेशी जाऊ न शकलेल्या अनेक संशोधक स्त्रियांना तो अधिक बोचतो. इन्स्पायर फॅकल्टीसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ वर्षांची आहे. काही प्रवर्गांना सवलत असली, तरी भौतिकशास्त्रातून जीवशास्त्राकडे वळलेल्या, मध्ये दोन वर्षे नवा विषय शिकण्यात घालवलेल्या माणसाला ही मर्यादा सहज ओलांडून जाते. ज्या विषयात वाट बदलणे हीच गुणवत्ता आहे, त्या विषयात वाट बदलण्याची शिक्षा होते.

दुसरी उणीव पैशाच्या प्रवासाची आहे. मंजूर झालेले विद्यावेतन महिनोन्महिने हाती न पडल्याच्या फेलोंच्या तक्रारी गेल्या काही वर्षांत वारंवार वृत्तपत्रांत आल्या. निधी वितरणाच्या पद्धती बदलल्या, खाती बदलली, विनियोग प्रमाणपत्रे मागे-पुढे झाली, अशी कारणे दिली जातात. तिशी ओलांडलेल्या, घरभाडे भरणाऱ्या, लहान मूल असलेल्या माणसाला या कारणांचा उपयोग नसतो. प्रयोगशाळेतील जीवशास्त्रज्ञाला उपकरणे सोडून जाणे कठीण असते. संगणकीय जीवशास्त्रज्ञाचे कौशल्य मात्र उद्या सकाळी एखाद्या सॉफ्टवेअर वा औषध कंपनीत कितीतरी अधिक पगारावर विकले जाऊ शकते. त्यामुळे इथे विलंबाचा अर्थ बहुधा गळती असा होतो. सरकारला हे अगदीच कळत नाही असे नाही. जून २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले आणि थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपयांवर नेली. परंतु ही सुधारणा वस्तूंच्या खरेदीची आहे. संगणकीय संशोधनातला मोठा खर्च माणसांवर आणि भाड्याने घेतलेल्या संगणकवेळेवर होतो, आणि आपल्या लेखाशीर्षांची रचना अजून कपाटात ठेवता येणाऱ्या वस्तूंभोवतीच फिरते.

बंद कपाटातील विदा

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे. पूर्वानुमान करणाऱ्याला माहितीचा साठा, अर्थात विदा लागते; ती नसेल तर स्वातंत्र्याला काही अर्थ उरत नाही. करोनाकाळाने याचा धडा आपल्याला भारी किंमत घेऊन शिकवला. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या गणिती प्रारूपाच्या आधारे सांगितले, की देशातील साथीचा कळस सप्टेंबरमध्ये होऊन गेला आहे आणि योग्य खबरदारी घेतल्यास फेब्रुवारी २०२१ पर्यंत ती आटोक्यात येईल. त्यानंतर एप्रिल-मे २०२१ मध्ये काय झाले, हे सांगण्याची गरज नाही. दिवसाला चार लाखांहून अधिक रुग्ण नोंदवले जात होते आणि प्राणवायूसाठी माणसे दारोदार फिरत होती. दुसऱ्या लाटेची व्याप्ती आपल्याला वर्तवता आली नाही, हे प्रारूपकर्त्यांनी नंतर मान्यही केले.

इथे कोणा व्यक्तीवर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. साथीचे भाकीत करणे अवघड असते, विषाणू बदलतो, माणसांचे वागणे बदलते. म्हणूनच तर एका अधिकृत भाकितापेक्षा, वेगवेगळ्या गृहीतकांवर आधारलेली आणि परस्परांची उलटतपासणी करणारी अनेक भाकिते देशाला अधिक सुरक्षित ठेवतात. देशातल्या अनेक संस्थांतील शास्त्रज्ञ त्या काळात स्वयंस्फूर्तीने एकत्र येऊन प्रारूपे बनवत होते. त्यांना हवी होती ती चाचण्यांची आणि रुग्णांची तपशीलवार विदा. ती मिळावी म्हणून एप्रिल २०२१ च्या अखेरीस, लाट ऐन भरात असताना, शेकडो शास्त्रज्ञांना पंतप्रधानांकडे जाहीर आवाहन करावे लागले. साथ अंगावर आल्यावर विदा मागण्याची वेळ येणे, याचा अर्थ तिच्या वाटपाची सवय आपण शांततेच्या काळात लावून घेतली नव्हती.

त्यानंतर काही चांगले घडले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये फरिदाबाद येथे भारतीय जैविक विदा केंद्र सुरू झाले. देशभरातील सुमारे १० हजार व्यक्तींच्या जनुकसंचांची, ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातून जमवलेली विदा ९ जानेवारी २०२५ रोजी संशोधकांसाठी उपलब्ध करण्याची घोषणा झाली. आता कसोटी आहे ती व्यवहाराची. नागरिकांच्या जनुकीय माहितीची गोपनीयता जपलीच पाहिजे. पण गोपनीयतेचे नियम पाळून केलेल्या अर्जाला किती दिवसांत उत्तर मिळणार, नकार दिल्यास कारण सांगणार का, आणि कोणत्याही मोठ्या संस्थेचे पाठबळ नसलेल्या पहिल्या वर्षाच्या फेलोला तीच वागणूक मिळणार का जी नामवंत संचालकाला मिळते, हे पाहावे लागेल. फेलोशिपच्या मंजुरीपत्रासोबतच राष्ट्रीय विदा केंद्रातील प्रवेश आणि राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतील यंत्रांवर ठरावीक वेळ आपोआप मिळाला, तर सरकारचा जादा खर्च फारसा होणार नाही आणि संशोधकाची पहिली दोन वर्षे वाचतील.

सहाव्या वर्षी काय?

हे सारे जमून आले, तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. फेलोशिप पाच वर्षांची असते. पहिले वर्ष बस्तान बसवण्यात जाते; दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विद्यार्थी तयार होतात, चौथ्या वर्षी पहिले ठोस निष्कर्ष हाती येऊ लागतात. पाचव्या वर्षी संशोधक पुन्हा अर्ज लिहायला बसतो. कायम पदाची हमी इन्स्पायर फॅकल्टीच्या अटींत नाही, आणि ती असावी असेही कोणी म्हणणार नाही. मात्र तोवर त्याचे वय पस्तिशीच्या पुढे गेलेले असते, आणि अनेक केंद्रीय संस्थांच्या जाहिरातींत साहाय्यक प्राध्यापकपदासाठी ३५ वर्षांच्या आतील उमेदवाराला पसंती असते. राज्य विद्यापीठांत पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत. भरती निघालीच तर विषयाच्या चौकटी जुन्या असतात, आणि प्राणिशास्त्राच्या जागेसाठी गणितात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला उमेदवार छाननीतच बाद होतो, मग त्याचे काम पेशींवरचे असले तरी. आपण पूल बांधतो आणि पैलतीर बांधायला विसरतो.

त्यामुळे फेलोशिपची संख्या वाढवण्याइतकेच, यजमान संस्थेला जबाबदारीत सामील करून घेणे महत्त्वाचे आहे. ज्या संस्थेला फेलो हवा आहे तिने आरंभीच लिहून द्यावे, की चौथ्या वर्षाअखेर बाहेरच्या तज्ज्ञांकडून त्याच्या कामाचे मूल्यमापन होईल आणि ते उत्तम ठरल्यास त्याचा कायम पदासाठी विचार होईल, वयाची अट न लावता. मूल्यमापन प्रतिकूल असेल, तर संशोधकाला एक वर्ष आधी कळेल आणि तो दुसरी वाट शोधू शकेल. आज दोन्ही बाबतींत त्याला अंधारात ठेवले जाते. भरतीच्या पात्रतेत पदवीच्या नावाऐवजी संशोधनाचा विषय पाहावा, एवढी दुरुस्ती झाली तरी राज्य विद्यापीठांची दारे या पिढीला उघडतील. नव्या प्रतिभेची गरज खरे तर तिथेच सर्वाधिक आहे, कारण देशातील बहुसंख्य विद्यार्थी राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांत शिकतात.

एक आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. ज्या देशातील असंख्य महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत साधी रसायने वेळेवर पोहोचत नाहीत, तिथे मूठभर तरुणांना पाच वर्षे मनासारखे काम करू देणे ही चैन नाही का? उत्तर असे, की संशोधनाच्या इतर खर्चांशी तुलना करता ही चैन स्वस्त आहे. केंद्राने जुलै २०२५ मध्ये खासगी क्षेत्रातील संशोधनाला दीर्घ मुदतीची, कमी अथवा शून्य व्याजाची कर्जे मिळावीत म्हणून १ लाख कोटी रुपयांच्या निधीला मंजुरी दिली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय मोहिमेसाठी २०२४ मध्ये १० हजार कोटींहून अधिक रक्कम ठरली. या निधींतून उद्योग उभे राहतील, संगणक येतील. त्या संगणकांवर कोणता प्रश्न सोडवायचा हे ठरवणारी माणसे मात्र कर्जाने उभी करता येत नाहीत. ती पाच-दहा वर्षे सांभाळावी लागतात. आणि अशा शंभरांपैकी बरेच जण सामान्य काम करतील, हेही मान्य करायला हवे. कोण असामान्य ठरेल हे आधी कळले असते, तर फेलोशिपची गरजच पडली नसती.

अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा २०२३ मध्ये झाला, तेव्हा पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभारण्याचे उद्दिष्ट सांगितले गेले. त्यांतला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. या प्रतिष्ठानने मोठ्या मोहिमा जरूर आखाव्यात. परंतु त्याच्या यशाचे मोजमाप करताना एक साधी चौकशी दरवर्षी करण्याजोगी आहे: पाच वर्षांपूर्वी ज्यांना स्वतंत्र फेलोशिप दिली, ते आज कुठे आहेत? किती जण संशोधनात आहेत, किती देश सोडून गेले, किती जणांनी विषयच सोडला, आणि ज्यांनी सोडला त्यांनी का सोडला? ही विदा गोळा करायला महासंगणक लागत नाही. ती दरवर्षी संसदेच्या पटलावर ठेवली, तर कोणती योजना माणसे घडवते आणि कोणती केवळ मंजुरीपत्रे वाटते, हे मतदारालाही कळेल.

रामचंद्रन १९७० नंतर बंगळूरुला आले, भारतीय विज्ञान संस्थेत रेणवीय जीवभौतिकीचा विभाग त्यांनी उभारला, आणि तिथून पुढच्या पिढ्या घडल्या. त्यांना ना पाचव्या वर्षी अर्ज लिहावा लागला, ना आपण भौतिकशास्त्रज्ञ असून प्रथिनांवर का काम करतो याचा खुलासा द्यावा लागला. अशीच बुद्धी असलेली एखादी तरुणी आज कोल्हापुरात, गुवाहाटीत किंवा रायपूरमध्ये पीएच.डी. संपवत असेल. तिच्यासमोर संगणक आहे, २० कोटी प्रथिनांच्या रचना आहेत, आणि कदाचित असा एक प्रश्न आहे जो जगात इतर कोणाला सुचलेला नाही. तिला तो पाच वर्षे विचारू द्यायचा की नाही, आणि सहाव्या वर्षी ती कुठे बसून विचारणार, हे ठरवणे आपल्या हाती आहे. त्या निर्णयाला भाकिताची गरज नाही.